मंत्रिमहोदय, ते भांडतात म्हणूनच सभागृह हवं होतं

माननीय मंत्रिमहोदय,
स. न.

दिवाळीनंतर आम्ही चौघे आपल्याला भेटलो. म्यानमारमधून परागंदा झालेल्या लोकशाहीवादी कार्यकर्त्यांची दोन दिवसांची बैठक सोलापुरात घ्यायची आहे, त्यातून त्यांचा एक सामाईक राजकीय मंच उभा राहावा, एवढंच सांगितलं. "हुतात्म्यांचं गाव आहे हे, मॅडम. सभागृह मिळालं म्हणून समजा," असं आपण म्हणालात. गेल्या शुक्रवारी, बैठकीच्या आदल्या संध्याकाळी, बुकिंग रद्द झालं. लेखी काही नाही. फोनवर सांगितलं, "त्या लोकांचं आपसातच जमत नाही म्हणे. उगाच राडा नको."

तोवर पाहुणे गाडीत बसले होते. दिल्लीहून सात, मिझोरामहून दोघी.

मी निवृत्त शिक्षिका आहे. पेन्शनमधून अठरा हजार अनामत भरली, ती कधी परत मिळणार ते कोणी सांगत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेत, त्या गुडघ्यानं मी तीन कार्यालयांचे जिने चढले. शेवटी भावानं आपला पॉवरलूमचा कारखाना बंद ठेवला आणि मागांमधल्या बोळात सतरंज्या टाकल्या. दोन दिवसांची मजुरी त्याच्या अंगावर पडली. रात्री अकराला साध्या वेशातले दोघे येऊन वहिनीला पाहुण्यांची नावं विचारू लागले. तिचा रक्तदाब अजून उतरलेला नाही.

आता भांडणाचं. हो, ते भांडले. मी तिथेच होते, एक मुलगा शेजारी बसून इंग्रजीत सांगत होता. १९८८ च्या लष्कराविरुद्धच्या जनउठावानंतर देश सोडलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, आधी लष्कर जाऊ दे, बाकीचं नंतर बघू. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावल्यावर सरहद्दीवरची तिआऊ नदी ओलांडून मिझोरामात आलेली, म्यानमारच्या चिन जमातीतली मुलगी उसळलीच. हे 'नंतर' आमचे आजोबा डोंगरी जमातींना स्वायत्तता कबूल करणाऱ्या १९४७ च्या पांगलाँग करारापासून ऐकताहेत, संघराज्याचा मसुदा आधी करा! तिथल्या मुस्लिम अल्पसंख्य रोहिंग्यांचा प्रतिनिधी घ्यायचा का, यावर तर ते गृहस्थ चपला घालून बाहेर गेले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्यानं ज्यांना परकं केलं त्यांना आपणही दाराबाहेर ठेवायचं का, असं त्या मुलीनं विचारलं. कोणी बोललं नाही. हत्यार हाती घेतलेल्या पोरांचं काय, हा वाद रात्री दीडपर्यंत.

सकाळी ते गृहस्थ परत आले. ती मुलगी मागावरची अर्धी चादर उलटी करून पाहत होती. तिची आई कमरेला बांधायच्या मागावर विणते. दोघं बराच वेळ त्या चादरीवर बोट फिरवत बोलत राहिले. दुपारी सह्या झाल्या. लष्कराला संसदेत पंचवीस टक्के जागा देणारी २००८ ची राज्यघटना कोणालाच मान्य नाही. रोहिंग्यांचा विषय पुढच्या बैठकीत पहिला. ज्यावर जमलं नाही ते दुसऱ्या कागदावर, कोणाचं काय म्हणणं ते नावासकट.

आणि यांचं जमत नाही म्हणून दार बंद? सुरतेला १९०७ साली काँग्रेसच्या मंडपात जोडे उडाले होते. पुढच्याच वर्षी टिळकांना यांच्याच देशातल्या मंडालेच्या तुरुंगात धाडलं. इंग्रजांनी गादीवरून काढलेला त्यांचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत मेला. इतकं जुनं नातं आहे हे. १९३० साली मार्शल लॉ सोसलेल्या, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांच्या या गावात नऊ माणसांना बोलायला छप्पर मिळू नये? मग चार पुतळ्यांना हार कशाला घालता?

पण एकट्या आपल्याला तरी काय बोलायचं? याच शहरात २०२२ नंतर कित्येक वर्षं नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, विचारायचं कोणाला? निर्वासितांसाठी या देशात वेगळा कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आपली सही नाही. मिझोरामात तीस हजारांवर माणसं आली, त्यांना आधी घास दिला तो चर्चनं आणि गावकऱ्यांनी. दिल्लीला म्यानमारलगतच्या १६४३ किलोमीटरच्या सरहद्दीवर कुंपण हवंय. माणसं बोलू लागली की कुलूप, वरपासून खालपर्यंत हेच चाललंय.

बुकिंग का रद्द केलं ते मला लेखी हवं. अनामत परत हवी. आणि पुढची बैठक त्यांना सोलापुरातच घ्यायची आहे, त्यासाठी तेच सभागृह हवं. भावाला पुन्हा माग बंद ठेव असं मी सांगणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
साखर पेठ, सोलापूर