शनिवारी किराणा येईल, परत पाठवू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर तुम्हाला मदत करायचा विषय काढला की आई, तू "गॅसवर दूध आहे" म्हणून फोन बाबांच्या हातात देतेस आणि बाबा, तुम्ही मला नाशिकची थंडी सांगता. म्हणून पत्र लिहितेय. बाबा पत्र दोनदा वाचतात, हे मला माहीत आहे.

आधी सांगूनच टाकते. येत्या शनिवारी कोपऱ्यावरच्या काकांकडून महिन्याचा किराणा घरी येईल. तीन महिन्यांचे पैसे दिलेत. परत पाठवलात तर काका घेणार नाहीत, तसं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

लेकीचं घेऊ नये, हे मी लहानपणापासून ऐकतेय. आजी आत्याकडे पाणी प्यायली तरी हातावर रुपया ठेवून यायची. पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लाइटबिल शोधताना बाबांची डायरी हातात आली. मुद्दाम नाही उघडली. "दूध अर्धा लि., मंगळ-शुक्र बंद." त्याखाली "हिच्या कॅल्शियमच्या गोळ्या, पुढील महिन्यात." आणि तळाशी "शिल्लक ४१२", खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. तो मंगळवार होता की शुक्रवार ते मी पाहिलं नाही. पण त्या सकाळी आई, माझ्या चहात नुसतं दूध होतं.

बाबा, तुमचा हिशोब चुकीचा नाही. पैसेच कमी आहेत. कंपनीतल्या नोकरीच्या त्या पीएफवाल्या पेन्शनीला महागाई भत्ता नसतो; पहिल्या महिन्यात जितकी आली तितकीच आजही येते. सरकारने २०१४ मध्ये किमान हजार रुपये केले, त्याचा तुम्हाला उपयोग नव्हता, कारण तुम्ही हजाराच्या थोडे वरच होतात. उरतं एफडीचं व्याज. दादाचं काय ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर इथे नको.

आता माझं. आमच्यावर घराचं कर्ज आहे, तुम्हाला तीच काळजी असणार. पण गाडीचा हप्ता ऑक्टोबरात संपला. तीन वर्षं ते पैसे खात्यातून परस्पर जायचे, आम्ही त्यांच्यावाचून राहायला शिकलोय. तेच आता तुमच्याकडे वळवलेत. घरातलं काही कमी केलेलं नाही, चिनूचा क्लास चालू आहे, आणि हे तुमच्या जावयाला विचारून नाही, सांगून केलंय. तो म्हणाला, आधी का नाही केलंस? (खरंच म्हणाला.)

यादी मीच केली, पण सगळी तुमच्याच पद्धतीने. डाळी सुट्या. २०२२ च्या जुलैपासून पाकीटबंद डाळी-पिठांवर पाच टक्के कर लागतो, सुट्यावर नाही. तुम्ही तर त्याच्या कितीतरी आधीपासून सुटंच घेत आलात. तांदूळ रोजच्याला कोलम, आणि दोन किलो घोटीकडचा इंद्रायणी, आईच्या मऊ भातासाठी. साबण तुमचाच. चहा तुमचाच. काहीही बदललेलं नाही.

तेलाचं मात्र बोलते. कट्ट्यावर ठेवलेली ती स्वस्त पिशवी मी बघितली. १४० ची. शेजारची १५२ ची, म्हणून तुम्ही बारा रुपये वाचवलेत. पण बाबा, एक लिटरच्या पिशवीत साधारण ९१० ग्रॅम तेल असतं आणि तुमच्या पिशवीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात ८०० ग्रॅम छापलंय. म्हणजे शंभर ग्रॅममागे ऐंशी पैसे जास्तच गेले. ज्या माणसाने मला तराजूचा काटा वाचायला शिकवला, त्याला हे लोक असं फसवतात याचा मला फार राग आला. आता चष्मा लावल्याशिवाय काही घ्यायचं नाही.

आणि वर्षाचे गहू या वेळी भरायचे नाहीत. दर महिन्याला दहा किलो लोकवन येईल. आई, मला कळतंय. गच्चीवर चादरी अंथरून आपण गव्हाला एरंडेल चोळायचो, माझे तळहात संध्याकाळपर्यंत चिकट असायचे आणि तू त्याच हातांनी माझ्या वेण्या घालायचीस. तो वास अजून येतो मला. पण तुझे गुडघे जिना चढत नाहीत आणि दोन माणसांना कोठीभर गहू लागत नाहीत. कोठी विकायची नाही. तशीच राहू दे.

आता ऐका. दूध रोज अर्धा लिटर, सातही दिवस. भय्याला सांगितलंय. गोळ्या डॉक्टरांनी लिहिल्यात तशा, "पुढील महिन्यात" नाही. बाबा, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन होळकर पुलावरून रविवार कारंजावर चालत जायचं बंद. सिंहस्थाची कामं निघालीत, रस्ते कुठे उकरून ठेवलेत कळत नाही. बुधवारी गंगेवरच्या बाजारात मात्र जरूर जा, तिथे गेल्याशिवाय तुम्हाला करमणार नाही. पण मेथीच्या दोनच जुड्या, आणि येताना रिक्षा. लाल कांदा दोन किलोच्या वर नको, तो टिकत नाही. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये मी आल्यावर भरू.

जास्त बोलले का? पुन्हा वाचून बघितलं, बोललेच आहे. राहू दे.

१९९८ ची दिवाळी आठवते? कंपनीला टाळं होतं आणि कांदा सोन्याच्या भावाने. आख्खा देश ज्या जिल्ह्याचा कांदा खातो तिथे राहून आपल्याला तो परवडत नव्हता. आईने कोबी चिरून भजी केली, आणि बाबा, तुम्ही "आज खास बेत" म्हणून तीन वेळा मागून घेतलीत. मी पहिलीत होते. कॉलेजात जाईपर्यंत मला कोबीची भजी हा आपल्याकडचा दिवाळीचा पदार्थच वाटायचा. मैत्रिणींना सांगितलंसुद्धा.

आई, चिवड्याचा डबा माझ्याकडेच राहिलाय. येताना रिकामा आणणार नाही.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, डायरीत हे "जमा"कडे लिहायचं की "खर्चा"कडे, यावर अडून बसू नका. "उसने" म्हणून लिहिलंत तरी चालेल. रेघा मात्र दोनच मारा.