चर्चचा हिशेब सभासदाला दिसू द्या : विधी व न्यायमंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्यायमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सार्वजनिक ट्रस्टांवर देखरेख करणारे धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आपल्या खात्याखाली येते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. चर्चच्या पैशाचा विषय निघाला की एकीकडून मागणी होते, वेगळा कायदा करा, सरकारी माणूस बसवा. दुसरीकडून उत्तर येते, देवाच्या कामात सरकारने पडू नये. मी एका मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या उपासकांच्या समुदायाची, सभासद आहे आणि मला यातले एकही पटत नाही.

नव्या कायद्याची गरजच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 याच्या व्याख्येत मंदिर आणि मठ यांच्याबरोबर चर्चचाही उल्लेख आहे. दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यायचे, लेखापरीक्षकाला गैरव्यवहार दिसला तर त्याने तो अहवालात लिहायचा, हे सगळे त्यात आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद 26 धर्माच्या बाबींत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क देतो. मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याप्रमाणे करायला सांगतो. 1954 साली रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच अधिनियमाचा मोठा भाग वैध ठरवला, पण खुद्द धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली. हिशेब मागा, पण गादीवर बसू नका, असा त्याचा अर्थ मी घेते, आणि आजही तो मला योग्य वाटतो.

अडचण वेगळीच आहे. हिशेब आयुक्तांच्या कार्यालयात जातो, सभासदापर्यंत येत नाही.

रविवारची उपासना संपल्यावर अर्पणाच्या थैल्या आतल्या खोलीत टेबलावर रिकाम्या होतात. दोघे जण मिळून नोटा लावतात, नाणी मोजतात, रक्कम वहीत चढते, खाली दोघांच्याही सह्या होतात. पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, हात त्या पैशाला लागत नाही. सोमवारी भरणा होतो आणि बँकेची पावती त्याच पानाला टाचली जाते. ज्या मंडळीत ही शिस्त आहे तिथे दानावरून कुजबुज होत नाही. पण अर्पण हा पैशाचा लहान भाग झाला. शाळा, वसतिगृहे, भाड्याने दिलेल्या इमारती, शहराच्या मध्यावर आलेल्या जमिनी हे सगळे पुष्कळदा वरच्या ट्रस्टच्या नावावर असते, आणि त्या एका ट्रस्टखाली अनेक मंडळ्या येतात. तिथे कोणी कोणता ठराव केला, हे बाकावर बसणाऱ्याला कधी कळतच नाही.

त्यातही जमिनीचे प्रकरण सर्वांत गंभीर आहे. मिशनरी परत गेले, त्यांचे बंगले, आवार आणि दफनभूमी ट्रस्टांकडे आल्या. ताळेबंदात अशी जमीन बहुधा जुन्याच किमतीला दाखवलेली असते. वाचणाऱ्याला ती रक्कम क्षुल्लक वाटते, आणि बाहेर तिचा भाव कुठल्या कुठे गेलेला असतो. याच अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे स्थावर मालमत्ता विकायला, किंवा बिगरशेती जमीन वा इमारत 3 वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. 2017 च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत मागाहून मंजुरी देण्याची वाटही उघडली. ती वाट मला धोकादायक वाटते. व्यवहार उरकून गेल्यावर सभासदाने हरकत घ्यायची ती कशावर? म्हणून माझी पहिली मागणी अशी की, कलम 36 खालच्या प्रत्येक अर्जाची मराठीतली सूचना त्या ट्रस्टखालच्या प्रत्येक मंडळीच्या फलकावर लागावी आणि रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवावी. जमीन कोणती, घेणारा कोण, मूल्यांकन किती, हरकतीची मुदत कधीपर्यंत, एवढे त्यात पुरे.

दुसरी गोष्ट नेतृत्वाची. पैशाचे बरेचसे तंटे मुळात 'विश्वस्त कोण' याचे तंटे असतात. निवडणूक होते आणि नव्या विश्वस्तांची नोंद व्हावी म्हणून कलम 22 खाली बदल अर्ज दाखल होतो. 2017 मध्ये तात्पुरत्या मान्यतेची सोय झाली खरी, पण हरकत आली की प्रकरण पुन्हा तारखांवर जाते. तोवर एकाच ट्रस्टच्या दोन समित्या, दोन शिक्के, दोन सचिव. बँक कोणाची सही धरायची म्हणून खाते थांबवते आणि पाळकांचा पगार अडतो. ज्याचा ताबा आहे त्याला निकाल लांबलेलाच बरा असतो. लबाड नेत्याला वेळेइतकी मदत दुसरे कोणी करत नाही, आणि ही वेळ त्याला आपल्या खात्यातल्या रिकाम्या जागांमुळे मिळते. वादग्रस्त बदल अर्जांना निकालाची बांधील मुदत घाला आणि तेवढे अधिकारी द्या.

परदेशी निधीबद्दल इथे फार लिहीत नाही. तो केंद्राचा विषय आहे.

आमच्या बिशपांना आणि पाळकांनाही हे पत्र वाचायला मिळावे. बायबलमधल्या प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडून दिलेली माणसे सोबत घेतली, आणि देवासमोर जे योग्य ते माणसांसमोरही योग्य दिसावे म्हणून हे करतो, असे लिहून ठेवले. तेव्हा हिशेब मागणाऱ्या सभासदाला बंडखोर ठरवण्याला आमच्या शास्त्रात आधार नाही.

मंत्रिमहोदय, एक विनंती निक्षून करते. हिशेब सभासदांसमोर आणण्याचा हा नियम मंदिर, मठ, गुरुद्वारा, चर्च, आपल्या कायद्याखाली येणाऱ्या सर्व ट्रस्टांना सारखाच लावा. तपासणीच्या नावाखाली फक्त एका समाजाच्या दारात पथके गेली, तर प्रामाणिक खजिनदार घाबरून गप्प बसेल आणि अप्रामाणिक नेता 'आपल्यावर हल्ला झाला' म्हणत लोकांच्या पाठीमागे लपेल. असे होताना आम्ही पाहिले आहे.

लेखापरीक्षणाचा अहवाल फलकावर लावण्यासाठी आणि संकेतस्थळावर कोणालाही उघडून वाचता येईल असा ठेवण्यासाठी एक परिपत्रक पुरेसे ठरावे. ते 31 मार्चपूर्वी निघाले, तर या वर्षीचे हिशेबच त्या पद्धतीने सभासदांसमोर येतील.

आपली,
एका मंडळीची सभासद