सदोष ५० मिमी लेन्सबाबत तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : एसएमसी पेंटॅक्स-एम ५० मिमी एफ/१.७ ही सदोष लेन्स परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

माझ्या पेंटॅक्स के१००० या फिल्म कॅमेऱ्यासाठी मी आपल्या संकेतस्थळावरून वरील जुनी मॅन्युअल फोकस लेन्स मागवली. वर्णनात ‘काच स्वच्छ, पाती कोरडी, फिल्मवर वापरण्यास तयार’ असे स्पष्ट नमूद होते. काचेबद्दल माझी तक्रार नाही, आणि फोकस रिंग तर नव्या लेन्सलाही लाजवील इतकी छान फिरते. दोष ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या, पात्यांत आहे.

दौलताबादच्या किल्ल्यावर काढलेला कृष्णधवल रोल धुऊन आला, तेव्हा भर उन्हात एफ/११ आणि एफ/१६ वर, म्हणजे छिद्र अगदी लहान ठेवून, घेतलेल्या निगेटिव्ह जास्त प्रकाश पडून इतक्या दाट निघाल्या की प्रिंटमध्ये चांदमिनारची उन्हाकडची बाजू नुसती पांढरी उमटते. त्याच रोलवर सावलीत एफ/१.७ वर, म्हणजे पाती पूर्ण उघडी ठेवून, घेतलेल्या फ्रेम मात्र बिनचूक आहेत. याच कॅमेऱ्यावर माझी दुसरी लेन्स व्यवस्थित चालते. या लेन्सच्या मागची छोटी कळ बोटाने सरकवून सोडली की पाती खटकन मिटायला हवीत, ती रेंगाळत मिटतात, आणि उजेडात तिरके धरल्यास त्यांवर तेलाचा तवंग दिसतो.

‘डिजिटल कॅमेऱ्यावर तपासली असता फोटो उत्तम आले’ हे आपले उत्तर मी खोटे म्हणत नाही, पण ते गैरलागू आहे. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, डिजिटल कॅमेऱ्यावर साध्या ॲडाप्टरने लावलेल्या या लेन्सची पाती आधीच मिटून बसलेली असतात. के१००० मध्ये ती फोकस करताना पूर्ण उघडी राहतात आणि बटण दाबल्यावर शटर उघडण्यापूर्वी क्षणार्धात मिटावी लागतात. नेमके तेच या लेन्सला जमत नाही. हे तपासण्यासाठी रोलसुद्धा खर्ची घालावा लागत नाही. कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून शटर मारले तरी दिसते.

‘जुन्या मालावर परतावा नाही’ ही आपली अट येथे लागू होत नाही. जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात, आणि तक्रारीचे निवारण एक महिन्यात करण्याचे बंधनही त्यांतच आहे. तरी आपल्या खर्चाने लेन्स परत नेऊन पूर्ण रक्कम परत करावी. पाती साफ करून देण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही, कारण तेल पुन्हा उतरल्यास माझ्यापुढे पुन्हा हीच अडचण उभी राहील. मुदतीत निर्णय न झाल्यास मी राहत्या जिल्ह्यातील, म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील, ग्राहक आयोगाकडे दाद मागेन; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तशी मुभा दिली आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, निगेटिव्हचे स्कॅन, पात्यांचे चित्रीकरण.