चिलर बदलताय तर संध्याकाळचा लोडही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात हिंजवडी, खराडीकडच्या बऱ्याच ऑफिस बिल्डिंग आता जुन्या झाल्यात, चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं मशीन), लाइट, पंप बदलायची कामं निघतायत, ते चांगलंच आहे. पण मी बिल्डिंग मेंटेनन्समध्ये काम करतो आणि बघतो की टेंडरमध्ये महिन्याला किती युनिट वाचणार एवढंच विचारतात, किती वाजता वाचणार ते कोणीच विचारत नाही.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे १० किलोवॅटच्या वरच्या कमर्शियल ग्राहकांना वेळेनुसार दर आहेत, सोलरच्या आठ तासांत नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि पीक अवरला, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा, निदान १.२ पट. दुपारी सोलरची वीज भरपूर असते, दिवस मावळला की ती जाते आणि नेमकी तेव्हाच घराघरात मागणी वाढते, मग कोयनेचं पाणी सोडा नाहीतर कोळसा जाळा.

एएचयूच्या (गार हवा बिल्डिंगभर फिरवणारं युनिट) फॅनला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं उपकरण) लावून स्पीड २० टक्के कमी केला की वीज जवळजवळ निम्मीच लागते. तोच व्हीएफडी बीएमएसला (बिल्डिंगची यंत्रणा चालवणारी कंट्रोल सिस्टीम) जोडला असेल तर संध्याकाळी सहाला अजून थोडा खाली आणता येतो (फ्रेश एअर मात्र कमी करायची नाही, माणसं आत बसलेली असतात), त्याआधी दुपारी स्वस्त विजेवर बिल्डिंग एक-दोन डिग्री जास्त गार करून ठेवायची. गच्चीला इन्सुलेशन आणि काचेला फिल्म असेल तरच तो गारवा टिकतो, म्हणून व्हीएफडी-बीएमएसचं काम आणि इन्सुलेशन-फिल्मचं काम एकत्रच काढायला हवं. नंतर करू म्हटलं की परत सीलिंग उघडा, परत वायरिंग, आणि दुसऱ्यांदा पैसे मंजूर होणं फार अवघड असतं.

मोठी अडचण मालक आणि भाडेकरूची आहे, खर्च मालकाने करायचा आणि बिल भाडेकरूचं कमी होणार, मग मालक का करेल? बचतीतला वाटा अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहिला तर हे सुटू शकतं.

सरकारी ऑफिसं संध्याकाळी लवकर सुटतात, तिथे भाडेकरूचा प्रश्नही फारसा नाही, त्यामुळे सुरुवात सार्वजनिक बांधकाम विभागाने करावी. एनर्जी ऑडिटमध्ये संध्याकाळी ६ ते १० चा लोड वेगळा दाखवायला सांगावा, मोठ्या ग्राहकांच्या मीटरमध्ये वेळेनुसार नोंद असतेच, ती फक्त काढून बघायची आहे.

आपला,
एक मेंटेनन्स इंजिनिअर, पुणे