आकडा अँटिबॉडीचा, उपचार टीएसएचचा

महोदय,

‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये हल्ली अँटी-टीपीओ ही थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी मोजणारी तपासणीही घातलेली असते. रिपोर्टवर सहाशे-आठशेचा आकडा ठळक अक्षरांत दिसला की घरचे हादरतात. मग दर महिन्याला तीच तपासणी, ‘अँटिबॉडी उतरवणारे’ काढे आणि महागडी सप्लिमेंट्स सुरू होतात. हा खर्च वाया जातो. अँटिबॉडी वाढणे म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटली आहे, एवढी खूण. ती एकदा कळली की पुरे. उपचार ठरतात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक; थायरॉइड मंदावला की ते वाढते) आणि फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) वरून. दोन्ही नॉर्मल असतील तर सहसा थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची, गोळी लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच पाहावा.

गरोदरपणात मात्र हयगय नको. दिवस राहिल्याचे कळताच टीएसएच तपासावा आणि निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी पुन्हा पाहावा. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडला सूज येऊ शकते. तो थकवा, ती उदासी ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये.

गोळी सुरू झाली असेल तर ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनंतरच, कारण ती आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवते. डोस पुरेसा असूनही टीएसएच उतरत नाही, तेव्हा बरेचदा चूक इथेच सापडते. बाटली ओट्यावर, गॅसशेजारी ठेवू नये. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांआधी तपासणी केली तर खरे चित्र कळत नाही.

सेलेनियम या खनिजाच्या सप्लिमेंटने काहींचा अँटिबॉडीचा आकडा उतरतो, पण त्यामुळे गोळी सुटते असे सिद्ध झालेले नाही. जास्त झाले तर उलट केस गळतात. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतले जादा आयोडीन थायरॉइडला आणखी मंद करू शकते. म्हणून स्वयंपाकातले आयोडीनयुक्त मीठ बंद करून सैंधव आणायचे मात्र कारण नाही.

सर्वांत फसवे बायोटिन हे जीवनसत्त्व. केस गळतात म्हणून ते घेतले जाते आणि अनेक यंत्रांवर टीएसएच खोटा कमी, टी-४ खोटा जास्त दिसतो. परिणामी गरज असलेल्या रुग्णाचाच डोस कमी केला जातो. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवावे. रक्त घेतानाच ‘बायोटिन घेता का?’ हा प्रश्न प्रत्येक लॅबने विचारावा आणि उत्तर रिपोर्टवर नोंदवावे, ही कळकळीची विनंती.

— एक फार्मासिस्ट, सांगली