नाना, नकार लेखी मागायला आपण शिकवलेत

आदरणीय नाना,
सादर नमस्कार.

आमच्या मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे, एवढ्याच कारणावरून कुटुंबाच्या आरोग्य विम्यातून त्याचे नाव वगळले गेले, तेव्हा अमळनेरात "जाऊ द्या, नशिबाचे भोग" म्हणणारे पुष्कळ भेटले. "नकार तोंडी ऐकून घेऊ नका, कागदावर मागा" असे सांगणारे आपण एकटेच होतात. आपले आभार जाहीरपणे मानावेत आणि आपण दाखवलेला मार्ग जळगाव, धुळे, नंदुरबारच्या इतर पालकांनाही ठाऊक व्हावा, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

कंपनीचे ते दोन ओळींचे पत्र आपण ओसरीवर बसून शिसपेन्सिलीने खुणा करीत वाचलेत. माझ्या अर्जातली "एका आईची कळकळीची विनवणी" ही ओळ खोडून तिच्या जागी आपण कायदा लिहिलात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याने मान्य केलेल्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे; मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याचे कलम 21(4) मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देण्यास कंपन्यांना बांधील करते; आणि दिव्यांग व्यक्तींसाठी विमा योजना आणा, असे विमा नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी 2023 मध्ये कंपन्यांना बजावले आहे. हा अर्ज आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि मग नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर गेला, आणि अखेर मुलाचे नाव पॉलिसीवर आले.

परंतु खरी अडचण पुढेच आहे, हेही आपणच आम्हाला समजावून सांगितलेत. आपल्याकडचा आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचलेला आहे, आणि स्वमग्न मुलाला तर दाखल करायचेच नसते. त्याला आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे स्पीच थेरपी, म्हणजे बोलायला शिकवणारे उपचार, आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे स्वतः करायला शिकवणारे उपचार, लागतात. त्यामुळे नाव पॉलिसीत असूनही या खर्चाचा दावा बसत नाही. आमच्यासारख्या शेतकरी घरात मग कापूस विकला जाईपर्यंत थेरपी थांबते, आणि तेवढ्या खंडात मूल शिकलेले विसरू लागते. हे ज्या घरात घडते, त्यांनाच त्याची किंमत कळते.

यावर उपाय म्हणून आपण 'निरामय' योजनेची माहिती दिलीत. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 याखाली चालणाऱ्या या योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर येणाऱ्या मर्यादा), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही, आणि दाखल न होता घेतलेल्या थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. आमच्या थेरपिस्ट ताई साध्या कागदावर पावती देत असत. तारीख, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेली छापील पावती आपण त्यांच्याकडून सुरू करवून घेतलीत. आज त्या पावत्या दोरीच्या फाइलीत तारखेनुसार लागलेल्या आहेत, आणि मुलाची थेरपी भर पावसाळ्यातही चालू राहिली. हल्ली तो आजीचा हात धरून माठाकडे नेतो आणि "पाणी" म्हणतो.

विमा कार्यालयातून निवृत्त झाल्यावर आपल्याला विसावा घेता आला असता. त्याऐवजी चोपडा, पारोळा, शिरपूरहून येणाऱ्या पालकांचे अर्ज आपण एक पैसाही न घेता लिहून देता. हे ऋण शब्दांनी फिटणारे नाही.

थेरपीचा खर्च रुग्णालयात दाखल होण्याची अट न घालता नेहमीच्या पॉलिसीतच मिळावा, या मागणीचे निवेदन आम्ही पालक मिळून नियामक प्राधिकरणाला पाठवणार आहोत. त्याचा मसुदा घेऊन रविवारी येते. विनवणीची एकही ओळ त्यात ठेवलेली नाही. तरी पेन्सिल हाताशी असू द्यावी.

आपली कृतज्ञ,
एक आई, अमळनेर