तालुका वार्ताहरालाही कायद्याचे संरक्षण हवे

सुरक्षा आणि मानवी हक्क या विषयांवर आयुष्यभर लिहिणाऱ्या पत्रकारांवरील आपला रविवारचा लेख वाचला. लेख आवडला, मात्र त्यात दिल्ली-मुंबईबाहेरचा पत्रकार कुठेच नाही, ही उणीव फार जाणवली. गिरणेतला वाळूउपसा, सातपुड्यातले वनहक्क दावे, धडगाव-अक्कलकुव्यातले कुपोषण याही हक्कांच्याच बातम्या आहेत. त्या देणारा तालुका वार्ताहर ज्यांच्याविरुद्ध लिहितो, त्यांच्याच गावात राहतो. ऑगस्ट 2023 मध्ये पाचोऱ्यात भर रस्त्यात पत्रकाराला झालेली मारहाण खान्देश विसरलेला नाही.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजार रुपयांपर्यंत दंड आणि किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास, अशा चांगल्या तरतुदी त्यात आहेत. पण व्याख्येनुसार हे संरक्षण पत्रकारिता हाच मुख्य व्यवसाय असलेल्या आणि नियमित किंवा कंत्राटी नेमणूक असलेल्या व्यक्तीला मिळते. आमच्याकडचे कितीतरी वार्ताहर शेती किंवा दुकान सांभाळून बातम्या पाठवतात. त्यांच्या हाती नेमणूकपत्र नसते. मग हल्ला झाल्यावर, ते पत्रकार आहेत हे आधी त्यांनाच सिद्ध करावे लागते!

या व्याख्येत अंशकालीन वार्ताहरांचा स्पष्ट उल्लेख हवा. खान्देशातील आमदारांनी ही दुरुस्ती लावून धरावी. तोवर आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांनी प्रत्येक तालुका वार्ताहराला लेखी नेमणूकपत्र द्यावे. त्यासाठी कोणत्याही कायदादुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)